ॲप घडविणाऱ्याची अवजारे

दिवसभर संगणकापुढे बसूनही काम पुढे सरकत नाही, ही तक्रार ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींकडून आपण नेहमी ऐकतो. दोष बहुधा बुद्धीचा नसतो, काम करण्याच्या रीतीचा असतो. त्यासाठी महागडी सामग्री लागते हा समजही खरा नाही.

अँड्रॉइड स्टुडिओ हे गुगलचे विनामूल्य साधन आहे. २०१४ च्या डिसेंबरात त्याची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. त्यासोबत एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन मिळतो. परंतु ८ जीबी रॅमच्या संगणकावर दोन्ही एकदम चालविले की यंत्र रखडते आणि मुलगा निराश होतो. अशा वेळी एम्युलेटर बंद करून आपला साधा फोनच यूएसबी तारेने जोडावा. सेटिंगमधील 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात 'यूएसबी डीबगिंग' सुरू करावे. (काही तारा केवळ चार्जिंगच्या असतात. फोन दिसत नसेल तर प्रथम तार बदलावी.) शिवाय उन्हात अक्षरे वाचता येतात की नाही, हे खऱ्या फोनवरच कळते.

दुसरे अवजार गिट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली तयार केले. 'नवीन', 'नवीन-२', 'शेवटचे', 'खरोखर शेवटचे' अशा फोल्डरांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवते आणि हवे तेव्हा मागे नेते. त्यातील 'बायसेक्ट' ही आज्ञा फार थोडे विद्यार्थी वापरतात. काल चालणारे ॲप आज बंद पडले, तर ही आज्ञा नोंदींचे निम्मे-निम्मे भाग करीत जाते. हजार नोंदींतून दोषी नोंद सुमारे दहा तपासण्यांत सापडते. मात्र नोंदी लहान हव्यात. आठवड्याचे काम एकाच नोंदीत कोंबले, तर गिट तरी काय करणार?

ॲप कोसळले की अंदाजाने ओळी बदलू नयेत. लॉगकॅटमध्ये कारण बहुधा लिहिलेलेच असते. तेथे उलगडा झाला नाही तर ब्रेकपॉइंट लावून एकेक ओळ पाहावी. कोड सुचविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता आहेत. ती जरूर वापरावीत, पण जी ओळ आपल्याला दुसऱ्यास समजावता येत नाही, ती ॲपमध्ये ठेवू नये, असे आमचे मत आहे.

आयफोनसाठी एक्सकोड लागते व ते मॅकवरच चालते. तेव्हा मॅक नसणाऱ्यांनी अँड्रॉइडपासून आरंभ करावा.