रुजू होतानाची परीक्षा

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून परिचर्येचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या मुलींना कायम नेमणुकीची वाट पाहत घरी बसणे परवडत नाही. म्हणून अकोला, अमरावती, नागपूर, पुणे अशा शहरांतील रुग्णालयांत अकरा महिन्यांच्या किंवा त्याहूनही अल्प मुदतीच्या करारावर रुजू व्हायचे आणि मुदत संपली की दाखल्यांची थैली घेऊन पुढच्या रुग्णालयाच्या दाराशी उभे राहायचे, हा आम्हां कित्येकींच्या आयुष्याचा शिरस्ताच होऊन बसला आहे. अशा प्रत्येक नव्या ठिकाणच्या कौशल्यचाचणीविषयी धाकट्या भगिनींना चार शब्द सांगावेत असे फार दिवसांपासून मनात आहे; कारण या चाचणीला अपमान समजणाऱ्या अनुभवी परिचारिका मी पुष्कळ पाहिल्या, आणि ती टळली म्हणून समाधान मानणाऱ्या त्याहूनही अधिक.

एका खासगी रुग्णालयात माझ्यासमवेत अकोटकडील एक ताई रुजू झाल्या. सरकारी दवाखान्यातील त्यांची सेवा दीर्घ, प्रसूतिकक्षातील हातखंडा सर्वमान्य. अशा बाईंची परीक्षा काय घ्यायची असे म्हणून, आणि खरे पाहता रात्रपाळीला माणूस अपुरे होते म्हणून, त्यांची चाचणी माफ झाली. इन्सुलिनची कुपी एका मिलिलिटरला 40 युनिटची आणि सिरिंज लाल टोपणाची, हे त्यांच्या हाताचे वर्षानुवर्षांचे वळण. नव्या वॉर्डाच्या फ्रिजमध्ये मात्र 100 युनिटच्या कुप्याही होत्या, त्यांच्यासाठी नारिंगी टोपणाच्या सिरिंजा निराळ्या ठेवलेल्या होत्या, आणि हे त्यांना सांगणारे कोणी भेटलेच नव्हते. 20 युनिटांचा डोस त्यांनी लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या खुणेपर्यंत भरला. कुपी 100 ची असल्याने त्या अर्ध्या मिलिलिटरात प्रत्यक्षात 50 युनिट होते. ड्युटी संपवून निघालेल्या एका जुन्या सिस्टरची नजर त्या सिरिंजकडे गेली आणि तिने वेळीच हात धरला, म्हणून रुग्ण वाचला. त्या रात्री ताई कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत.

महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 चा. त्याखाली परिचर्या परिषदेच्या दप्तरी झालेली नोंद आपले शिक्षण सिद्ध करते आणि ती नूतनीकृत असल्याशिवाय कोठेही हजर होऊ नये. परंतु या वॉर्डातील औषधांची तीव्रता, येथील पंप, येथील सलाईनचा संच, यांची हमी ती नोंद कशी देणार? एनएबीएच मानांकनात परिचारिकेची पात्रता पडताळून मगच तिला कामे सोपवावीत अशी अट आहे, ती याचसाठी. मानांकन नसलेल्या रुग्णालयात आपणच चाचणी मागावी.

तयारीत सर्वांत अधिक वेळ मात्रांच्या गणिताला द्यावा. 500 मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे, तर 20 थेंबांच्या संचाने मिनिटाला सुमारे 42 थेंब आणि 60 थेंबांच्या संचाने 125. संचाच्या वेष्टनावरील आकडा वाचल्याविना हे उत्तर देता येत नाही, आणि परीक्षक पाहतात ते हेच. पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत टोचू नये, ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यावे, हे सर्वांना पाठ असते. तरी आमचा बराच मुलूख खारपाणपट्ट्यातला, मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण येथे नेहमीचे, म्हणून लघवीचे प्रमाण पाहिल्याखेरीज ती कुपी हातात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेट देताना गुडघ्याची प्रतिक्रिया, श्वास आणि लघवी तपासावी, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी असावे. छातीदाबाचा क्रम 30 दाबांमागे 2 श्वास. तो पुतळ्यावर करून पाहावा, कारण वाचून येणारी ती विद्या नाही.

चाचणीच्या निकालाची सहीनिशी नक्कल मागून घ्यावी. पुढच्या कराराच्या वेळी ती उपयोगी पडते. ज्या व्हेंटिलेटरवर किंवा पंपावर आपली चाचणी झालेली नाही, त्या खाटेवर नेमणूक झाली तर पहिल्या पाळीला जोडीला जुनी सिस्टर मागावी, आणि नकार मिळाल्यास ती मागणी दिनांक व वेळ घालून रिपोर्ट बुकात लिहून अधिसेविकेची सही घ्यावी.