सात चमचे पाणी

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मुंबईच्या रस्त्यांवर असंख्य मोटारी पाण्यात बंद पडल्या. काही मोटारींत एंजिनाची हवा ओढणारी नळी खाली, बंपरच्या मागे असते. तिचे तोंड बुडाले की हवेऐवजी पाणीच सिलिंडरात शिरते.

१२०० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे एंजिन घ्या. प्रत्येक सिलिंडरात दट्ट्या ३०० घनसेंटिमीटर जागेतून वर-खाली होतो. संपीडन गुणोत्तर १० असेल, तर दट्ट्या पुरता वर गेल्यावर उरते ३०० भागिले ९, म्हणजे सुमारे ३३ घनसेंटिमीटर जागा. चहाचे सात चमचे पाणीही तिथे मावत नाही! हवा दबते, पाण्याचे आकारमान मात्र एका टक्क्याने घटवायलाही सुमारे २२० वातावरणांचा दाब लागतो. दट्ट्या अडतो, पण जड गतिचक्र जडत्वामुळे फिरतच राहू पाहते. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल एंजिनात गुणोत्तर याहून मोठे, त्यामुळे तिथे पाण्याला जागा आणखी कमी.

आमच्या शेजाऱ्यांची मोटार पाण्यात नुसतीच बंद पडली होती. त्यांनी घाईघाईने पुन्हा किल्ली फिरवली आणि खाडकन आवाज झाला. ते थांबले असते, तर मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून एंजिन फिरवले असते आणि आतले पाणी त्या भोकांतून पिचकारीसारखे उडाले असते.