पोत, बेत आणि मग रंग

मे महिन्यात पुण्याहून मुलाबाळांसह मालवणला येतेयस, पुढे गोव्यालाही जाणार आहात, हे ऐकून बरं वाटलं. खरेदीचे फोटो पाठवलेस तेही पाहिले. कपडे देखणे आहेत, त्यात वाद नाही. पण निम्मे कपडे इथे आल्यावर बॅगेबाहेर निघायचे नाहीत. बिलं जपून ठेवली असशील तर अजून वेळ गेलेली नाही. म्हणून हे चार शब्द.

तुझ्या आजोबांची हयात कुडाळच्या बाजारात कापड फाडण्यात गेली. गिऱ्हाईक आलं की ठाण उलगडायच्या आधी ते विचारायचे, "घालणार कुठे?" लग्नाला, शाळेला की शेतावर, हे कळल्याशिवाय त्यांचा गज हलत नसे. त्यांचा मंत्र एकच होता: आधी पोत, मग बेत (म्हणजे कपड्याची काट), मग रंग. आपण नेमकं उलट करतो. आधी रंगावर भाळतो, मग शिवण बघतो, आणि कापड कसलं आहे ते कळतं अंगाला चिकटल्यावर.

हवा कोणती ते आधी ओळख

उन्हाळा सगळीकडे सारखा नसतो. नागपूरला पारा 45 वर जातो, तरी हवा कोरडी असते. घाम येतो तसा उडून जातो. तिथली माणसं डोक्याभोवती, तोंडाभोवती दुपट्टा गुंडाळून फिरतात, आणि त्या हवेत तेच शहाणपणाचं. इथे किनाऱ्यावर मे महिन्यात तापमान असतं 33-34. आकडा ऐकून लोक निर्धास्त येतात. पण हवेत पाणी इतकं असतं की घाम उडायला जागाच सापडत नाही. तो अंगावरच राहतो, कपड्यात उतरतो आणि कपडा पाठीला चिकटतो. त्यामुळे इथल्या कपड्याला दोन कामं यायला हवीत. त्याने घाम टिपायला हवा आणि अंगाशी वारा खेळू द्यायला हवा. या दोन कामांत जो नापास, तो कितीही फॅशनचा असो, त्याला इथे आणू नकोस.

पोत

शंभर ग्रॅम कोरडं सूत नुसत्या हवेतला साधारण 8.5 ग्रॅम ओलावा स्वतःत धरतं. लिनन 12 ग्रॅमच्या आसपास धरतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा धरत नाही, जेमतेम 0.4. दमट हवेत एक कपडा सुसह्य आणि दुसरा असह्य का होतो, त्याचं मोठं कारण हेच.

तेव्हा मलमल, पातळ खादी, हातमागाचं सैल विणीचं सुती कापड आणि लिनन ही घरची माणसं समज. लिनन म्हणजे अळशीच्या खोडातला धागा. तो चुरगळतोच, आणि चुरगळलेलाच शोभतो. त्याला कडक इस्त्री मारून मिरवायचं असेल तर सुट्टी कशाला घ्यायची? रेयॉन दिसायला झुळझुळीत, अंगाला गार, पण ओला झाला की त्याचा धागा कमकुवत होतो आणि धुतल्यावर तो आटतोही. संध्याकाळी जेवायला जाताना खुशाल घाल, समुद्राकाठी नको.

हल्ली लेबलांवर "लिनन लुक", "कॉटन फील" असं छापतात. लुक आणि फील दिसले की आतली छोटी चिठ्ठी काढून धाग्यांची टक्केवारी वाच. आजोबांकडे चिठ्ठ्या नव्हत्या. ते कडेचा एक धागा ओढून काडीवर जाळायचे. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी होतो. मॉलमध्ये काडी ओढलीस तर रखवालदार धावत येईल, तेव्हा तू दुसरी परीक्षा घे. कापड तोंडाशी धरून फुंकर मार. पलीकडे धरलेल्या तळहाताला वारा लागला तर कापड श्वास घेतं.

आणि कुर्ता किंवा ड्रेस घेताना तो उलटा करून बघायचाच. फसवणूक आत असते. बाहेरून सुरेख सुती ठसे आणि आत पॉलिएस्टरचं चकचकीत अस्तर, असे ड्रेस मी कितीतरी पाहिलेत. अंगाला लागतं ते अस्तर, मग बाहेरच्या सुताचा उपयोग काय? अस्तर मलमलीचं असेल तर ठीक, नाहीतर बिनअस्तराचा घे आणि आत सुती स्लिप घाल. परकर, बनियन आणि आतले कपडे सुतीच हवेत. अंग आवळणारी ती शेपवेअर नावाची गोष्ट पुण्यातच ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी कमरेभोवती घामोळं उठेल आणि सगळी सुट्टी पावडर लावण्यात जाईल.

बेत

सैल म्हणजे ढगळ नव्हे. खांद्याची शिवण खांद्यावर बसलेली हवी, मग खाली कितीही घेर असो, कपडा तुझाच दिसतो. खांदा उतरला की तोच कपडा उसना वाटतो. ऐटीचं निम्मं काम त्या एका शिवणीवर असतं.

दुसरी जागा बगल. तयार कपड्यात बगल वरपर्यंत कापलेली, घट्ट असते. तिथेच घाम साचतो आणि तिथेच कापड उसवतं. जुन्या पद्धतीच्या कुर्त्याला बगलेत एक छोटा चौकोनी तुकडा तिरपा बसवलेला असतो. त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर चढत नाही आणि काखेत वारा राहतो. जो शिंपी अजून तो तुकडा लावतो, त्याला सोडू नकोस. दोन्ही बाजूंना चिरा, उघडा गळा, कोपरापर्यंत सैल बाही आणि घोट्याच्या वर थांबणारी पँट, एवढं जमलं की झालं. कमरेला इलॅस्टिकपेक्षा नाडी बरी. माशाचं जेवण झाल्यावर ती सैल करता येते.

मांड्या घासतात हे कुणी उघड बोलत नाही, पण दमट हवेत बहुतेकींना तो त्रास होतो. फ्रॉकखाली किंवा ड्रेसखाली पातळ सुती सायकलिंग शॉर्ट्स घाल. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

जावईबापूंना सांग, जीन्स एकच आणि तीसुद्धा प्रवासापुरती. हल्ली "रिसॉर्ट शर्ट" म्हणून जो महागामोलाने विकतात, तो आपला जुना बुशशर्टच. अर्ध्या बाह्या, उघडी कॉलर, खाली सरळ कापलेला घेर, बाहेर सोडून घालायचा. कपाटात कुणाचे जुने असतील तर चक्क तेच काढा. खाली लिननची किंवा पातळ सुती नाडीची पँट. असा माणूस सहज देखणा दिसतो.

रंग शेवटी

पांढरा रंग उन्हात बरा, हे सगळ्यांना ठाऊक. पण रंगाचं महत्त्व वाटतं तेवढं नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे घालतात. ते कसे सहन करतात हे संशोधकांनी मोजून पाहिलं आणि 1980 साली "नेचर"मध्ये छापलं. काळा झगा ऊन जास्त शोषतो खरा, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता आत अंगापर्यंत पोचत नाही. काळ्या आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसाला ऊन सारखंच लागतं. म्हणजे बेताने रंगावर मात केली.

इथे रंग निवडायचा तो दुसऱ्याच कारणांनी. आमची माती जांभ्याची, लाल. पांढऱ्या पँटची खालची कड एका दिवसात गेरूची होते आणि ती खूण धुऊन सहजासहजी जात नाही. काजूच्या बोंडाचा रस पडला तर तो डाग कपड्याबरोबरच जातो. आंब्याचा चीक आणि रातांब्याचा रसही त्याच वळणाचे. म्हणून वाडीत फिरताना, फणस फोडताना गडद आणि जुना सुती कपडा घाल. पांढरी मलमल संध्याकाळच्या ओट्यासाठी ठेव.

घाम कुठे दिसतो तेही लक्षात ठेव. एकरंगी राखाडी आणि फिकट निळ्यावर तो नकाशासारखा उठतो. पांढऱ्यावर, गडद निळीवर आणि बारीक ठशांच्या कापडावर तो लपतो. आमच्या भागातल्या बायका बारीक चौकडी आणि बुट्टी का पसंत करतात, त्याचं एक कारण हेही असावं.

समुद्राकाठी

आता सुताचा हट्ट सोडायची जागा. पाण्यात सूत जड होतं, अंगाला ओढतं आणि वाळायला वेळ घेतं. जीन्स-सलवार घालून, साडी नेसून लाटांत उतरणारी माणसं दर सुट्टीत दिसतात. एखादी मोठी लाट आली की तोच कपडा पायांत गुंततो आणि माणूस उठू शकत नाही. हौस म्हणून हे करू नये. पाण्यात नायलॉन-लायक्राचा अंगासरसा, बाहीचा पोहण्याचा कपडा घाल, मुलांनाही तोच. तारकर्लीला पाण्याखाली उतरायचं ठरवलंत तरी आतून हाच उपयोगी पडेल. बाहेर आल्यावर आधी गोड्या पाण्याने कपडे खंगाळून काढ. खारट पाणी तसंच सुकलं तर कापड कडक होतं आणि शिवणींत वाळू बसते.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाताना आणि तटावर फिरताना सावली फारशी मिळत नाही. तिथे पातळ पांढरी मलमल पुरत नाही, ऊन तिच्यातून आरपार जातं, ओली झाली तर जास्तच. घट्ट विणीचा, गडद, पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट हवा. टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी घे. होडीतला वारा बिनबंदाच्या टोप्या समुद्राला वाहतो.

मोठाले टॉवेल आणू नकोस, पंचे आण. अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, होडीत मांडीवर पसरायला, पोराला झाकायला एकच पंचा पुरतो आणि दुपारच्या वाऱ्यावर लगेच वाळतो. जाड टॉवेल या हवेत रात्रभरात वाळत नाही, सकाळी त्याला कुबट वास येतो.

देऊळ आणि संध्याकाळ

गोव्यात मंगेशीला, शांतादुर्गेला जाणारच. तिथे अंगभर कपडे लागतात. त्यासाठी वेगळा जोड बाळगायची गरज नाही. किल्ल्यावरचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट बिनबाह्यांच्या ड्रेसवर चढवलास आणि खांद्यावर सुती ओढणी टाकलीस की झालं. मुलांच्या चड्ड्या गुडघ्याखाली येतील अशा बघ.

संध्याकाळी नटायचं असेल तर जरूर नट. गोव्याच्या कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) हे मोठे फॅशन डिझायनर. 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे कपडे सैल, साधे, हवेशीर असत, आणि लाल चौकड्यांची कुणबी साडी त्यांनी पुन्हा चर्चेत आणली. शेतात राबणाऱ्या बायांचं ते नेसणं. मोठ्या माणसाला ऐट कुठे दिसली बघ! एक सुती साडी, कानांत एखादा दागिना, पायांत कोल्हापुरी, एवढ्यात तू कुठल्याही हॉटेलात उठून दिसशील. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडा शोमध्ये तशाच चपला दिसल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? पण ती चामड्याची, खाऱ्या पाण्याची वैरी. वाळूत रबरी चपला आणि कोल्हापुरी संध्याकाळी, हा क्रम मोडू नकोस.

बॅग भरताना

रोज नवा जोड, हा हिशेब सोड. तीन वरचे, दोन खालचे, एक पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक संध्याकाळचा कपडा आणि एक पोहण्याचा. वरचा प्रत्येक कपडा खालच्या दोन्हींवर शोभेल असा निवड, म्हणजे सहा जोड आपोआप होतात. पातळ सुती कपडे रोज हातासरशी धुता येतात. ते उलटे करून सावलीत वाळत घाल, उन्हात रंग विटतो. महिनाअखेरीला येणार असशील तर वळवाची सर येऊ शकते, हलकी छत्री टाक.

घड्या घालण्यापेक्षा कपडे गुंडाळून भर. सुरकुती पडलीच तर पाण्याचा हात फिरवून, कापड दोन्हीकडून ताणून खुंटीला टांग. इस्त्री लागत नाही.

शेवटचं आणि सगळ्यांत कामाचं. नवा कोरा कपडा थेट सहलीला आणू नये. त्याला खळ असते, रंग सुटतो, आणि तो पहिल्या धुण्यात आटतो. आठवडाभर आधी धू, वाळव आणि घरातच घालून बघ. मांडी घालून बस, हात वर कर, धाकट्याला कडेवर उचल, जिना चढ. यात जो टोचतो, ओढतो किंवा चिकटतो, तो कपडा कितीही महाग असो, पुण्यातच ठेवून ये.