गाभडलेली शेळी बरी दिसते तेव्हा

रत्नागिरीकडच्या गावांत शेळी गाभडली की कारणं तयार असतात. दुसरीनं शिंग मारलं, कातळावर पाय घसरला, भलता पाला खाल्ला, नाहीतर कुणाची नजर लागली. शिंग लागून एखादी शेळी गाभडतेही, नाही असं नाही. पण एकाच हंगामात, तेही चौथ्या-पाचव्या महिन्यात, एकीमागून एक शेळ्या गाभ टाकू लागल्या तर शिंगाला दोष देऊन भागत नाही. आमच्या वाड्यात दिवाळीच्या सुमारास हे सुरू झालं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "देवाला गाऱ्हाणं घाला." गाऱ्हाणं घातलं आणि त्याच आठवड्यात शेळ्यांचं रक्तही तपासायला दिलं. निघाला तो ब्रुसेलोसिस, पशुवैद्यक ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तो.

शेळ्या धाकट्या भावानं घाटावरच्या बाजारातून आणल्या होत्या. उस्मानाबादी, भरल्या अंगाच्या, चकाकत्या केसांच्या. त्यातली एक आधी गाभडलेली होती, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही. बाजारात तसं कुणी सांगतही नाही. आणि पाहून ते ओळखता आलंही नसतं. या रोगाची सगळी गोम इथंच आहे.

शेळ्यांमध्ये हा रोग मुख्यतः ब्रुसेल्ला मेलिटेन्सिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. तो शरीरातल्या पेशींच्या आत दडून बसतो, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. गाठींमध्ये, कासेत तो शांतपणे राहतो. शेळी गाभण राहिली की त्याला वारेत पोषक जागा मिळते आणि तिथं तो बेसुमार वाढतो. वार सुजते, पिल्लाचं पोषण तुटतं आणि पाच महिन्यांच्या गाभणकाळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत गाभ पडतो. मग वार अडकते, गर्भाशय सुजतं, शेळी पुन्हा पुन्हा उलटते किंवा माजावरच येत नाही. बोकडाचं एक वृषण सुजून मोठं दिसू लागतं आणि त्याच्याकडून गाभ राहणं कमी होतं. कधी गुडघे सुजतात.

फसगत होते ती यानंतर. बहुतेक शेळ्या या रोगानं एकदाच गाभडतात. पुढच्या खेपेला तीच शेळी दिवस भरून विते, करडूही जिवंत असतं, आणि घरात सगळे म्हणतात, "गेलं संकट." गेलेलं नसतं. त्या व्याण्याच्या पाण्यात, वारेत, पुढं दुधातही जिवाणू बाहेर पडत राहतात. ते चाटून, तिथला चारा खाऊन वाड्यातली दुसरी शेळी बाधित होते. म्हणजे गाभडलेली शेळी जितकी लवकर धडधाकट दिसते, तितकं तिच्याकडे लक्ष कमी जातं आणि वाडा तितका जास्त रिकामा होतो.

हे जगाला कळायलाही वेळ लागला. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जिवाणू शोधला, पण तो येतो कुठून हे गूढच राहिलं. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झामित यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं तेव्हा उलगडा झाला. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, म्हणूनच त्यांचा संशय कुणाला आला नव्हता. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध देणं थांबवलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं ओसरला.

आपल्या कोकणात एक अडचण जास्तीची. कडक उन्हात हा जिवाणू लवकर मरतो, पण ओल्या, सावलीच्या जागेत आठवडेच्या आठवडे तग धरतो. पावसाळ्यातला आपला वाडा म्हणजे नेमकी तीच जागा. त्यात पडलेला गाभ आणि वार गडग्यापलीकडे भिरकावून द्यायची सवय. कुत्री ती ओढत गावभर नेतात. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, गाभ पडला ती जमीन ब्लीचिंग पावडरनं धुवावी, आणि यातलं काहीही उघड्या हातानं करू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या जाड पिशव्या चालतील, पण हात उघडे नकोत.

तपासणी अवघड नाही. रोज बेंगाल चाचणीत रक्तजलाचा एक थेंब रंगीत द्रावणात मिसळतात आणि चार मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही ते पाहतात. मात्र गाभडल्यावर लगेच केलेली चाचणी कधी निर्दोष येते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी. पडलेला गाभ बर्फात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंधच्या प्रयोगशाळेला पाठवता येतो. गाभडण्याला क्लॅमिडिया, टोक्सोप्लाझ्मा अशी इतर कारणंही असतात, तेव्हा अंदाजानं इंजेक्शनं टोचत बसण्यात पैसा जातो आणि रोग राहतो. हा रोग 2009 च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोग नियंत्रण कायद्यातल्या यादीत आहे, म्हणजे संशय आला तर कळवणं मालकाचं कामच आहे.

बाधित शेळीवर उपचार करून ती ठेवावी का? माझं मत स्पष्ट आहे, ठेवू नये. आम्ही पशुवैद्यकांच्या सांगण्याप्रमाणे बाधित शेळ्या कळपातून काढल्या आणि राहिलेल्यांचं रक्त निर्दोष येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं. घरात यावरून रुसवेफुगवे झाले, कारण काढलेल्यांत सर्वांत जास्त दूध देणारी होती. पण तिला बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे आमच्याशी जे झालं तेच पुढं ढकलणं. शेळ्यांसाठी रेव्ह-1 नावाची लस काही देशांत वापरतात; आपल्याकडची 2019 पासूनची राष्ट्रीय मोहीम मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांसाठी आहे. म्हणून शेळीवाल्याला विकत घेतानाच जपावं लागतं. नवीन जनावर महिनाभर वेगळं बांधा, तपासा, मगच कळपात सोडा. गावातला एकच बोकड दहा घरी फिरत असेल तर त्याचीही तपासणी सगळ्यांनी मिळून करून घ्या. जमलं तर आपल्या पावसाला टिकणारी कोकण कन्याळ, माहितीतल्या घरची घ्या.

माणसांचं सांगायचं राहिलं. भावाला पुढं ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर आणि सांधे धरायचे. आधी मलेरिया, मग टायफॉइड म्हणून औषधं झाली. ब्रुसेल्लाची तपासणी झाल्यावर दोन प्रतिजैविकं मिळून सहा आठवडे घ्यावी लागली, तेव्हा तो सुटला. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट वाढतात या समजुतीनं शेळीचं कच्चं दूध शोधत लोक आमच्याकडेही येतात. त्यांना मी उकळून प्या एवढंच सांगतो, आणि कच्चंच हवं असेल तर देत नाही. तुमच्या घरी शेळ्या असतील आणि ताप आठवडाभरात उतरला नाही, तर डॉक्टरांना आधी हे सांगा की आम्ही शेळ्या पाळतो. ते आपणहून विचारतीलच असं नाही. आणि शेळी गाभडली तर पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा.