सीमारक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

पूर्वी गावाला गावकूस असे. ज्याचे घर वेशीलगत, त्यानेच वेशीची डागडुजी करावी, असे म्हणणे कोणालाही न्याय्य वाटले नसते. कारण दरोडेखोर वेशीतून आत शिरले, की मधल्या आळीतील घरेही सुरक्षित राहत नाहीत. राष्ट्राच्या सीमेचेही असेच आहे.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात संरक्षण हा विषय केंद्राकडे, तर पोलीस हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. मग शांततेच्या काळात सीमेवर पहारा कोणी ठेवावा? १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेवर मुख्यतः राज्यांची सशस्त्र पोलीस दले हे काम करीत. ९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी सैन्याने कच्छच्या रणातील सरदार चौकीवर हल्ला केला. तेथील केंद्रीय राखीव पोलिसांनी शौर्याने तोंड दिले. तथापि पोलिसी साधनांनिशी परकी सैन्याशी झुंजणे किती अवघड, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. पुढे १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांचा जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. हे दल केंद्राचे असल्यामुळे त्याचा खर्चही केंद्राच्या तिजोरीतून होऊ लागला. कच्छच्या रणातील पहारा हे साऱ्या देशाचे कर्तव्य ठरले.

परंतु केवळ बंदुकीने सीमा राखली जात नाही. जेथे पाणी नाही, रस्ता नाही, शाळा नाही, तेथील माणसे गाव सोडून जातात. आणि ओस गावाला डोळे नसतात. १९९९ साली कारगिलच्या डोंगरांतील घुसखोरीची पहिली वार्ता स्थानिक मेंढपाळांनीच दिली, हे विसरता येत नाही. म्हणूनच १९८६-८७ मध्ये गुजरात, राजस्थान, पंजाब आणि जम्मू-काश्मीर या राज्यांसाठी सीमा क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला व पुढे तो इतर सीमावर्ती राज्यांतही गेला. २०२३ साली उत्तर सीमेवरील गावांसाठी ४,८०० कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. त्यांपैकी २,५०० कोटी रस्त्यांसाठी होते.

कोणी विचारील, 'आमच्या शहरातील शाळेचे छप्पर गळत असता दूरच्या गावातील रस्त्यासाठी पैसा का द्यावा?' प्रश्न चुकीचा नाही. तिजोरी अमर्याद नसते. परंतु त्या गावकऱ्याने आपल्यासाठी जोखीम पत्करली आहे, आणि त्या मानाने आपण देतो तो कर अल्पच आहे. मात्र ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामी तो लागला की नाही, याचा हिशेब मागणे हेही नागरिकाचे तितकेच मोठे कर्तव्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, नकाशावर सीमेची रेषा काढताना तिच्या काठावर राहणाऱ्या माणसांचीही आठवण ठेवा.