तूर, बाभूळ, चिंच एकाच भावकीत कशी?

प्रश्न : आमच्या वावरात तूर, बांधावर बाभूळ, पांदीला तरोटा आणि घरामागं चिंच आहे. मुलीच्या पुस्तकात ही सगळी एकाच कुळातली दिली आहेत. एक पीक, एक काटेरी झाड, एक तण. हे कोणत्या हिशेबानं?
– एक वाचक, शहागड (ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : शंका रास्त आहे. स्वीडनच्या लिनिअसनं १७५३ साली या चौघांना चार वेगळ्या वर्गांतच टाकलं होतं. त्याचा हिशेब सरळ होता : फुलातले पुंकेसर मोजा. चिंचेचे तीन, म्हणून वर्ग तिसरा. तरोट्याचे दहा, म्हणून दहावा. बाभळीच्या पिवळ्या गोंड्यात मोजता मोजता डोळे दुखतात, म्हणून ती ‘पुष्कळ’वाल्या तेराव्यात. तुरीचेही दहाच, पण नऊ जुळलेले आणि एक सुटा. तिची रवानगी सतराव्यात! अनोळखी झाडाचं नाव शोधायला ही पद्धत झकास, पण नातं त्यातून कळत नसे. ते लिनिअसही जाणून होता.

फ्रान्समध्ये बर्नार द जुसियनं १७५९ मध्ये व्हर्सायच्या राजबागेत वाफेच नात्यागोत्यानुसार पाडले. पुढं त्याचा पुतण्या आंत्वान-लोराँ यानं १७८९ मध्ये शंभर कुळांची मांडणी छापली. एकाच खुणेवर भिस्त न ठेवता अनेक खुणा पाहायच्या, आणि ज्या सहसा बदलत नाहीत त्यांना जास्त वजन द्यायचं, ही त्याची रीत. तिथं तुमची चारही मंडळी शेंगेपाशी एकत्र आली.

तुरीची भरलेली शेंग हलक्या हातानं उकलून बघा. दाणे एकाच शिवणीला धरलेले असतात आणि फाकल्यावर एक दाणा या फाकेला, पुढचा त्या फाकेला राहतो. बाभळीच्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगेचा सांगाडाही हाच. मग शेवग्याचं काय, असं तुम्ही विचारालच. ती शेंग तीन फाकांची. शेवगा या भावकीतला नाहीच. मोहरीच्या शेंगेत तर मधोमध पातळ पडदा असतो. ‘शेंग’ हा आपल्या बोलीचा शब्द फार उदार आहे! मुळांवरच्या गाठींवरही जाऊ नका. तुरीला त्या असतात, तरोट्याला नसतात.

आपल्याकडची गंमत अशी की थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, तेव्हा शहागड निजामाच्या राज्यात, म्हणजे त्या हद्दीबाहेर. मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९९८ मध्ये दिला.

भावकीतली वाटणी अजून मिटलेली नाही. २०१७ मध्ये जनुकं तपासून उपकुळं नव्यानं पाडली, तेव्हा बाभूळ आणि तरोटा एका घरात आले. तूर आणि चिंच यांची चूल वेगवेगळी.