हात मोकळे, पण लक्ष कुठे?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. गाडीत दोन नातेवाईक होते. कराड मागे पडले आणि मोबाईल वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला असल्याने स्टिअरिंगवरचे बटण दाबून मी बोलू लागलो. हात मोकळे होते, नजर रस्त्यावर होती. तरीही पेठ नाक्याचे सांगलीकडचे वळण केव्हा गेले, ते मला कळलेच नाही.

फोन एका रुग्णाचा होता. मी थांबवण्याआधीच त्याने आपला आजार सांगितला आणि तो गाडीतल्या सर्वांनी ऐकला. छोट्या गावात अशी गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली.

आपला मेंदू लक्ष लागणारी दोन कामे एकाच वेळी नीट करू शकत नाही. तो एकावरून दुसऱ्याकडे वळत राहतो. त्यामुळे डोळ्यांना पाटी दिसते, पण मनात तिची नोंद होत नाही. टोरांटो येथील चालकांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोबाईलवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. फोन हातात न धरणारेही त्यात अधिक सुरक्षित ठरले नाहीत.

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ थरथरले की नजर आपोआप तिकडे जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. गळीत हंगामात रात्री तेवढ्याच अंतरावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असू शकते.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. पण कायदा पाळून, फोन हातात न घेताही लक्ष विचलित होतेच.

म्हणून एवढे करावे :

• निघण्यापूर्वी फोन व घड्याळाच्या सूचना बंद कराव्यात.
• निकडीचा फोन असल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून, खाली उतरून बोलावे.
• फोन करणाऱ्याने आधी विचारावे, ‘गाडी चालवताय का?’ उत्तर ‘हो’ आले तर लगेच फोन ठेवावा.
• गाडी विकताना तिच्यात साठलेले नंबर आणि पत्ते पुसून टाकावेत.

आता प्रवासात माझा फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत असतो. रुग्णांना थोडे थांबावे लागते, आणि त्यांनी ते समजून घेतले आहे.